भाचा राहतो आमच्याकडे, टॅक्समध्ये दाखवायचा कोणी?

जर्सीकर_मामा
मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. आम्ही न्यू जर्सीत, ताई पेन्सिल्वेनियात. दाजी नाहीत, ताईची नवी नोकरी, शिफ्टचा भरवसा नाही, म्हणून ११ वर्षांचा भाचा ९ जून २०२५पासून आमच्याकडे. शाळा, डबे, दातांच्या तारा, कराटे, सगळं आमच्याकडूनच. फेब्रुवारीत रिटर्न भरताना हिने त्याला आमचा डिपेंडंट (आमच्यावर अवलंबून असलेला) दाखवलं, रिफंडही आला. काल ताईचं ई-फाइल रिजेक्ट झालं, कारण त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरलेला. फोनवर ताई एवढंच म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. पण जवळजवळ सात महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष, मग हक्क आमचाच ना?

मोगरा_टेक्सास
मी सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) नाही, पण दर सीझनला मोफत टॅक्स केंद्रावर बसून लोकांची रिटर्न्स भरून देते. महिने नका मोजू, रात्री मोजा. वीकेंडला पोरगा कुठे असतो?
आणि तारांचे पैसे कोणी भरले हा प्रश्नच येत नाही. भाचा 'क्वालिफाइंग चाइल्ड'मध्ये (सोबत राहणारं जवळच्या नात्यातलं मूल) बसतो. तिथे फक्त एवढंच बघतात की मुलाने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतःच केलेला नाही ना. अकरा वर्षांचं पोर कुठून करणार!

शेंगदाणा_कूट
ताईकडून ८३३२ फॉर्मवर, म्हणजे मूल दाखवायचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही घ्या, विषय संपला. माझ्या मित्राने घेतली होती.

मोगरा_टेक्सास
मित्र घटस्फोटित असणार. तो फॉर्म वेगळ्या राहणाऱ्या आईबापांपुरता आहे, मामाला त्याचा उपयोग नाही. ताई तुमच्याच घरात राहत असती तर दोघांचाही हक्क निघाला असता. तिथेही आई आधी. तिने सोडला तरच मामाला, तोही मामाचं एजीआय (टॅक्ससाठी धरलेलं समायोजित उत्पन्न) तिच्यापेक्षा जास्त असेल तर.

जर्सीकर_मामा
फ्रिजवरचं गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून तसंच होतं (आळसाचा फायदा). ताईकडे गेला की बायको त्या चौकटीत हिरव्या पेनाने 'ता' लिहिते. ९ जूनपासून २०६ रात्री, त्यात ३० 'ता'. आमच्या उरल्या १७६. ताईच्या ९ जूनआधीच्या १५९ आणि या ३० मिळून १८९. गेलो की हो आम्ही.

मोगरा_टेक्सास
मग २०२५ ताईचंच. तुम्ही १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे, म्हणजे मुलामागे मिळालेल्या करसवलतीचे, २,२०० डॉलर परत करा. १५ एप्रिलच्या आत भरलेत तर व्याज लागणार नाही. ताईला कागदी रिटर्न पाठवायची गरज नाही. आयआरएसच्या (कर खात्याच्या) साइटवरून तिने स्वतःचा आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) काढला की भाच्याचा नंबर आधी वापरलेला असला तरी ई-फाइल घेतात. स्वतःच्या घराचा निम्म्याहून जास्त खर्च ती करत असेल तर 'हेड ऑफ हाउसहोल्ड'ही (एकट्याने घर चालवणाऱ्यांचा रिटर्नमधला वेगळा दर्जा) बघा, लोक ते हमखास विसरतात.
२०२६मध्ये तो बहुतेक रात्री तुमच्याकडे राहिला तर तुमचा. पुरावा म्हणून शाळेकडून तुमचा पत्ता असलेलं पत्र आत्ताच घेऊन ठेवा.

शेंगदाणा_कूट
विषय निघालाच आहे तर, नाशिकला आईबाबांना दरमहा पैसे पाठवतो, त्यांना दाखवता येईल?

मोगरा_टेक्सास
नाही. अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी हवेत. बाहेर राहणाऱ्यांत सवलत कॅनडा आणि मेक्सिकोला, नाशिकला नाही.

जर्सीकर_मामा
ताईला फोन केला. आधी हसली. मग म्हणाली, तारांचे निम्मे मी देते, कराटे तुझा हट्ट होता, तो तूच भर.