ऑफिसात सीपीआर प्रशिक्षण ठेवायचंय, सल्ला हवा

खटपट्या:
आमच्याकडे दोन पाळ्यांत मिळून दीडशेच्या आसपास माणसं आहेत. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि गरज पडली तर श्वास देऊन त्याला वाचवायची पद्धत; तिच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वरिष्ठांचं म्हणणं, "ॲम्ब्युलन्स येतेच की!" फार तर सगळ्यांना तासाभराचा व्हिडिओ दाखवून मोकळं व्हावं, असा सूर आहे. काय करावं?

बकुळफूल:
व्हिडिओवर भागवू नका, हे आधी सांगते. मी परिचारिका आहे, अधूनमधून अशी प्रशिक्षणं घेते.

ॲम्ब्युलन्स येते हो, पण हृदय बंद पडल्यावर चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी कितीही लवकर आली तरी पुढे फाटक, लिफ्ट, जिना आहेच. तेवढा वेळ जवळ असतो तो शेजारच्या टेबलावरचा माणूस.

आता व्हिडिओ का नको. छातीच्या मधोमध दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंमी खोल पण ६ च्या पलीकडे नाही, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्ष सरावाच्या पुतळ्यावर बहुतेक जण गोंजारल्यासारखं दाबतात! जोर लावला की थोड्याच वेळात धाप लागते आणि दाब उथळ होतो. म्हणून साधारण दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. म्हणजे मजल्यावर एकच शिकलेला माणूस असून भागत नाही.

आणखी एक. हृदय बंद पडलेला माणूस सुरुवातीला आचके दिल्यासारखा श्वास घेऊ शकतो. लोकांना वाटतं, श्वास चालू आहे, आणि ते थांबून राहतात. प्रशिक्षकाकडून हे आवर्जून करून दाखवून घ्या.

अर्धविराम:
बरगडी मोडली तर? तोंडाला तोंड लावायचीही लोकांना किळस वाटते.

बकुळफूल:
बरगड्या मोडतात कधीकधी. भरून येतात. मोठं माणूस अचानक कोसळलं, तर न शिकलेल्याने नुसतं छाती दाबत राहिलं तरी चालतं. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वास द्यायला हवेत.

टाचणी:
एईडीचंही बघा, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं छोटं मशीन. मशीन स्वतःच बोलून सूचना देतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. पूर्वीच्या ऑफिसात ते कुलुपात होतं आणि किल्ली ॲडमिनकडे. ॲडमिन सहाला घरी.

खटपट्या:
मग रात्रपाळी आणि सुरक्षारक्षकांपासून सुरुवात करतो. प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळेल म्हणतात, तेवढं पुरे ना?

बकुळफूल:
कागद दोन वर्षं टिकतो, हात काही महिन्यांतच विसरतात. पुतळा परत देऊ नका, एक विकतच घ्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने दोन मिनिटं दाबून जायचं. आणि कंत्राटी माणसांची नावं यादीत आत्ताच घाला, नंतर ती हमखास राहतात.