मदत हवी आहे: आजोबांच्या भजनांच्या कॅसेट, सूर चढत जातो

आमचे आजोबा घरच्या भजनात पेटी वाजवत गायचे. त्यांच्या वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हाती ती भजनं द्यायची आहेत. सी-९० च्या (९० मिनिटांच्या) कॅसेट आहेत. डेकच्या लाइन-आउटमधून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर घेतल्या.

अडचण सुराची आहे. आजोबांची पट्टी काळी एक. बाजू सुरू होते तेव्हा सूर तिथेच असतो, शेवटी मात्र पांढऱ्या दोनवर पोचलेला असतो. म्हणजे सूर अर्ध्या स्वराने वर, वेग जवळपास ६ टक्के जास्त. डेक दोषी नाही, विकतची कॅसेट त्यावर सरळ वाजते. रेकॉर्डिंग सेलवर झालं होतं. सेल उतरत गेले, टेप हळू फिरली, म्हणून आता योग्य वेगात वाजवली की सूर चढतो. आजोबांची पेटी घरात आहे, त्यामुळे मूळ सूर तिच्याशी ताडता येतो.

ऑडॅसिटीच्या 'स्लायडिंग स्ट्रेच'मध्ये (यात बदल हळूहळू वाढवता येतो) टेम्पो (लय) आणि पिच (सूर) दोन्ही शेवटाकडे ५.६ टक्के उतरवून पाहिले. पण सेल एकसारखे उतरत नाहीत, त्यामुळे मधला भाग बेसूर राहतो. दर अभंगाला तुकडा पाडून वेग बदलावा, की पेटीचा षड्ज धरून सलग दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर आहे?

एका कॅसेटची, फित हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी गळली आहे, आवाज दबका येतो. फित दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालणं बरं, की गादी चिकटवावी?

नॉइज रिडक्शन (खरखर काढणं) सुचवू नका. त्यात तंबोरा पुसट होतो, आणि दोन अभंगांच्या मध्ये आजोबा आजीला "चहा टाक गं" म्हणतात, तेही जातं.