जुना २१ इंची टीव्ही: टिकटिक येते, चित्र नाही

प्रश्न: मी मंगळवार पेठेत राहतो. आमच्या आबांना जुना डब्बा टीव्हीच पाहिजे, नवा बघतच नाहीत. परवा लाइट जाऊन आली, तेव्हापासून लाल दिवा लुकलुकतोय आणि आतून टिकटिक येते. फ्यूज शाबूत आहे. मोठ्या कपॅसिटरवर ३१५ व्होल्ट डीसी मिळतात. पुढं काय बघू?

उत्तर: ३१५ आले म्हणजे ब्रिजचे, म्हणजे एसीचं डीसी करणारे, डायोड ठीक आहेत भावा. सप्लाय उठायला बघतोय, पण पुढं शॉर्ट असणार. आधी प्लग काढून तो कपॅसिटर रेझिस्टरनं रिकामा कर, त्यात चार्ज राहतो. मग हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (पडद्यावर आडव्या रेघा ओढणाऱ्या भागाचा मोठा ट्रान्झिस्टर) काढून त्याच्या कलेक्टर-एमिटर या दोन पायांमध्ये मीटरनं मोज. एका बाजूनं डायोडसारखं दाखवलं तर चालतंय, दोन्हीकडून शून्य आलं तर तो गेला.

उत्तर: नवा घातल्यावर थेट लावू नका दादा. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब टीव्हीच्या लाइटच्या वायरमध्ये सिरीजमध्ये लावा, म्हणजे करंट बल्बमधूनच टीव्हीत जाईल. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे.

प्रश्नकर्ता: दोन्हीकडून शून्यच! नवा ट्रान्झिस्टर घातला. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर होती, तीही भरली. बल्ब एकदा चमकून मंद झाला. आबा बातम्या लावून बसलेत. लई उपकार झाले.