सिव्हिलायझेशन: पहिले पन्नास टर्न तुम्ही कसे खेळता? अनुभव सांगा

षटकोन
सिव्हिलायझेशन (सिव्ह) म्हणजे टर्न घेत, चाली खेळत शहरं वसवायचा कॉम्प्युटर गेम. काल भाच्याचा फोन, "मामा, पहिलं शहर इथेच वसवू की नदीपर्यंत जाऊ? नदी दोन टाइल (नकाशावरची घरं) लांब आहे." झालं, हातातलं काम तसंच राहिलं आणि आम्ही चांगला तासभर बोलत बसलो. कॉलेजात असताना सिव्ह 4 आम्ही तिघं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो ते सगळं डोळ्यासमोर आलं. शेवटी कोण जिंकायचं ते आता आठवत नाही, पण सुरुवातीचे नकाशे अजून लख्ख आठवतात, कुठे टेकडी, कुठे घोडे, कुठल्या खिंडीतून शेजारी आला.

भाच्याला म्हटलं जा नदीपर्यंत. सिव्ह 6 मध्ये गोड्या पाण्याला लागून शहर असेल तर हाउसिंग (लोकसंख्या किती मावेल ती मर्यादा) 5 मिळतं, समुद्रकाठी 3, आणि पाणीच नसेल तर 2. लोकसंख्या त्या मर्यादेपासून एकावर आली की वाढ निम्मी होते, म्हणजे कोरड्या जागी शहर जन्मल्यापासूनच रखडतं. दोन टर्न गेले तर जाऊ देत, पूर्ण खेळभर त्याची भरपाई होते. नदीकाठी प्लेन्सची टेकडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, शहराच्या टाइललाच 2 अन्न 2 प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद), एरवी प्रॉडक्शन 1 च असतं.

माझं ठाम मत आहे की हा खेळ सुरुवातीलाच जिंकला किंवा हरला जातो. तुम्ही काय करता लिहा, कुठलाही सिव्ह चालेल.

रात्रपाळी
स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर (नवं शहर वसवणारा). डोळे मिटून. नंतर सविस्तर लिहिते, आत्ता कुकर लावलाय

तटबंदी
बार्बेरियनबद्दल (लुटारू टोळ्यांबद्दल) कोणी बोलणार आहे की नाही!! त्यांचा स्काउट तुमचं शहर बघतो, डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो परत छावणीकडे पळत सुटतो, तो पोचला की संपलं, घोडेस्वार येतात टोळीने. त्याला वाटेतच मारायचा. वॉरियरने पाठलाग करून उपयोग नाही कारण तो 3 चालतो आपण 2, म्हणून मी वॉरियर शहर आणि छावणीच्या मध्ये उभा करून ठेवते, जंगल किंवा टेकडीवर, आणि स्लिंगर शहरात. पहिल्या पॉलिसीत (राज्याच्या धोरणात) डिसिप्लिन कार्ड लावायचं, बार्बेरियनविरुद्ध लढताना ताकद +5. लोक म्हणतात कार्ड वाया जातं. नाही जात. पहिल्या वीस टर्नमध्ये एक सेटलर जरी वाचला तरी त्या कार्डाचं सोनं झालं

षटकोन
@तटबंदी शंभर टक्के. शिवाय स्लिंगरने शेवटचा दगड मारून एक जरी युनिट मारलं तर आर्चरीचा (धनुर्विद्येचा) युरेका मिळतो, म्हणजे ती विद्या लवकर येते. त्यामुळे आधी वॉरियरने अर्धमेला करायचा आणि शेवटचा घाव स्लिंगरला द्यायचा.

हळूहळू
मी फक्त पॉलिटोपिया (असाच एक छोटा गेम) खेळतो फोनवर, चालेल का इथे? पर्फेक्शन मोडमध्ये 30 च टर्न असतात त्यामुळे तिथे सुरुवात म्हणजे निम्मा खेळच. बारदुर टोळी घेतली की हंटिंग (शिकारीची विद्या) आधीच येत असतं, राजधानीजवळची शिकार करून पहिल्याच दोन टर्नमध्ये शहर लेव्हल 2 ला. बसमध्ये उभ्याने एक गेम होतो.

रात्रपाळी
चालेल की, का नाही

दगडी कुऱ्हाड
सेटलरचं गणित कोणी मांडलं नाही म्हणून लिहितो. सिव्ह 6 स्टँडर्ड स्पीडला पहिला सेटलर 80 प्रॉडक्शन, पुढचा प्रत्येक महाग होत जातो. राजधानी 5 प्रॉडक्शन देत असेल तर 16 टर्न. कॉलनायझेशन कार्ड लावलं की सेटलरवर 50 टक्के जास्त, म्हणजे तोच 11 टर्नमध्ये. ते कार्ड अर्ली एम्पायर सिव्हिकने (समाजाच्या प्रगतीचा टप्पा) उघडतं आणि त्याचं इन्स्पिरेशन (तो लवकर गाठायची अट) आहे एकूण लोकसंख्या 6. म्हणून मी पहिला सेटलर कार्डाशिवायच काढतो, दुसरं शहर वसवतो, दोन शहरांची मिळून 6 लोकसंख्या लवकर होते, मग कार्ड लावून एकामागून एक सेटलर. सेटलर बाहेर पडताना शहराची 1 लोकसंख्या जाते हे धरून चाला, अन्न कमी असलेल्या शहरातून सलग दोन काढले तर ते शहर बसतं. डेइटीवर (सगळ्यात अवघड पातळीवर) कॉम्प्युटरला सुरुवातीलाच 3 सेटलर असतात आणि आपल्याला 1, तेव्हा घाई करण्याला पर्याय नाही.

पानगळ
@दगडी कुऱ्हाड हे वाचून फार बरं वाटलं, इतकं सुटसुटीत कुणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा खेळतात (निवृत्त आहेत, रोज दुपारी) त्यांना वाचून दाखवते.

नांगरधारी
चॉप चॉप चॉप, म्हणजे जंगल तोडा. मायनिंग घ्या, बिल्डरला (कामगाराला) 3 चार्ज (तेवढीच कामं) असतात त्यातला एक जंगलावर, तोडलेलं लाकूड थेट सेटलरमध्ये जातं. पण सरसकट तोडू नका. टेकडीवरचं जंगल राहू द्या, ती टाइल तशीच छान प्रॉडक्शन देते. सपाटीवरचं आधी. आणि मॅग्नस गव्हर्नर असेल (राइज अँड फॉल हा पुढचा भाग 2018 मध्ये आला तेव्हापासून) तर चॉप 50 टक्के जास्त. पुढचं प्रमोशन दिलं की त्या शहरातल्या सेटलरने लोकसंख्याही कमी होत नाही, त्यामुळे मी आधी मॅग्नसच घेते, बाकी लोक पिंगला (दुसरा गव्हर्नर) पिंगला करतात

तटबंदी
पिंगलाच!!

नांगरधारी
नाही पटत ताई. तीन शहरं होईपर्यंत मॅग्नस. मग पिंगला

जुना गडी
तुम्ही मंडळी सगळी 6 वाली. मी 1991 च्या पहिल्या सिव्हपासून आहे, डॉसवर. तेव्हा फॅलँक्स (भालाईत) भिंतीआड बसवला की बॅटलशिपसुद्धा परत जायची कधीकधी, 1996 ला सिव्ह 2 मध्ये हिट पॉइंट (युनिटचा जीव) आले तेव्हा ते थांबलं. त्यामुळे आमची सुरुवात एकदम सोपी: शहर, फॅलँक्स, सेटलर. तेव्हा सेटलरच रस्ते बांधायचा, शेताला पाणी आणायचा, वेगळा बिल्डर नव्हता. एका सेटलरने शहर वसवायचं की आधी सिंचन करायचं यावर रात्र निघायची.

हळूहळू
काका तो गांधींचा अणुबॉम्बचा बग पण त्याच गेममधला ना? त्यांच्या आक्रमकतेचा आकडा 1 वरून खाली जाऊन 255 व्हायचा तो

जुना गडी
सगळीकडे तसंच सांगतात, पण सिड मायरने स्वतः 2020 मध्ये लिहिलंय की असा बग नव्हताच. गांधींना अणुबॉम्बची आवड सिव्ह 5 मध्ये मुद्दाम घातली गेली.

हळूहळू
अरे!! मी हे कितीतरी जणांना सांगितलंय, आता सगळ्यांना परत मेसेज करतो हाहा

ओलावा
सिव्ह 5 वरून आठवलं, तिथे उलटं आहे. ट्रॅडिशन (एक पॉलिसी) घ्या, चार शहरं, बास. ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या पुढच्या भागानंतर (2013) प्रत्येक जादा शहरामागे सायन्सचा खर्च 5 टक्के वाढतो, हॅपिनेस (प्रजेचा आनंद) घटतो तो वेगळाच. आणि नॅशनल कॉलेज प्रत्येक शहरात लायब्ररी झाल्याशिवाय बांधता येत नाही, त्यामुळे पाचवं शहर टाकायचं तर कॉलेज झाल्यावर टाका. मला हा खेळ जास्त आवडतो, प्रत्येक शहराची ओळख राहते, 6 मध्ये बाराव्या शहराचं नाव पण लक्षात राहत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी अनसिव्ह बघा, 5 सारखंच आहे, फुकट, ओपन सोर्स.

पानगळ
अनसिव्ह टाकलं आत्ताच! बाबांचा टॅब जुना आहे तरी मस्त चालतंय

रात्रपाळी
आले. मुलं झोपली. तर स्काउट आधी का, कारण सिटी स्टेटला (एकाच शहराच्या स्वतंत्र राज्याला) सगळ्यात पहिले भेटणाऱ्याला एक एन्व्हॉय (दूत) फुकट मिळतो, आणि सुरुवातीच्या काळात सायन्सवालं सिटी स्टेट एका एन्व्हॉयला राजधानीत 2 सायन्स देतं, तेव्हा आपलं एकूण सायन्सच केवढंसं असतं! एका स्काउटने हे दोनदा केलं की झालं. शिवाय डोंगर कुठे आहेत ते कळतं. कॅम्पसला (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा विभाग) शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे +1, म्हणून मी दुसरं शहर नेहमी डोंगररांगेच्या कुशीत शोधते आणि डिस्ट्रिक्ट लगेच मांडून ठेवते, बांधायला नंतर घेतलं तरी चालतं, मांडताना जी किंमत असते तीच कायम राहते.

षटकोन
हे मांडून ठेवायचं भाच्याला सांगायचं राहिलंच, आत्ता पाठवतो.

खाडी
मला कायम समुद्रकाठच मिळतो, तिन्ही बाजूंनी पाणी, टेकडी एक नाही. कोणी सांगा ना काय करायचं, रीस्टार्ट करायला जिवावर येतं

दगडी कुऱ्हाड
रीस्टार्ट नको. सेलिंग आधी घ्या, फिशिंग बोट बांधा, मासे असतील तर अन्नाची चिंता मिटली. प्रॉडक्शन मात्र आतल्या बाजूच्या दुसऱ्या शहरातून आणावं लागेल, म्हणून पहिला सेटलर जमिनीकडे पाठवा, शहरांमध्ये किमान तीन टाइल सोडून. स्क्रीनशॉट टाका, जागा बघून सांगतो.

खाडी
टाकते दहा मिनिटांत, लॅपटॉप चार्जिंगला आहे