अनुभव धागा: दारातला आणि फोनवरचा तोतया कशावरून ओळखायचा?

कोणाला कितीला फसवलं हे रोज वाचतोच, त्यामुळे ते नको. तुमच्या कामामुळे जे तपासायची सवय लागली आहे तेवढंच लिहा: कुठे बघायचं, कोणता आकडा, गडबड कशी कळते.

सिलिंडर१४
गॅसची तपासणी पाच वर्षांनी खरंच होते, आणि भामटे नेमका त्याचाच फायदा घेतात. नारिंगी सुरक्षा नळी 'बाद झाली' म्हणत ते आपली नळी गळ्यात मारतात. नळीवर तारीख छापलेली असते. तिचं आयुष्य पाच वर्षं, त्यामुळे हिशेब तुम्हीच करा. ग्राहक क्रमांक त्याला ठाऊक आहे ही ओळख धरू नका, तो कुठल्याही जुन्या पावतीवर मिळतो. त्याला दाराबाहेर थांबवून एजन्सीला फोन लावा, तोही आपल्या गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर. त्याच्या ओळखपत्रावरचा नंबर त्याचाच साथीदार उचलतो.

टाकी घेताना रिकाम्या टाकीचं वजन कडीखालच्या पट्टीवर असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि डिलिव्हरीवाल्याकडच्या काट्यावर ताडा. दुसऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'डी-२७' असं काही दिसलं तर त्या टाकीची चाचणी ऑक्टोबर ते डिसेंबर २०२७ मध्ये करायची आहे. ए म्हणजे पहिली तिमाही, डी शेवटची. मुदत उलटलेली टाकी परत द्या. गळतीसाठी १९०६.

कसोटीचा दगड
दागिने चकाकून देणारे. आधी तांब्याचा तांब्या फुकट घासून देतात. त्यात काही विशेष नाही, तांबं चिंचेनेही लखलखतं. मग पाटल्या मागतात. बुडवतात त्या द्रावणात बहुधा अम्लराज असतं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. सोनं त्यात विरघळतं आणि द्रावणासोबत निघून जातं. पाटली दिसते तशीच, फक्त वजनात मार खाते. दुसरी तऱ्हा म्हणजे दागिने हळदीच्या पाण्यात घालून 'अर्धा तास झाकण उघडू नका' असं सांगायचं. तो अर्धा तास त्यांना पळायला हवा असतो.

असं काही झालंच तर पाणी मोरीत ओतू नका. सोनं त्यातच असू शकतं आणि पोलिसांना तोच पुरावा. दागिना सराफाकडे नेऊन मूळ पावतीवरच्या वजनाशी ताडा. घरी रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. लाख भरलेल्या दागिन्यांना मात्र गरम पाणी लावू नका.

खांबावरचा
'आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर बोला.' वीज कायदा २००३, कलम ५६: थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. महावितरणचा संदेश दहा आकडी मोबाईलवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल असतं. शंका आली तर १९१२.

पासबुक
पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

गेलेच तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), मग बँक, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. क्रम असाच, कारण पैसा काही मिनिटांत भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकतो आणि १९३० वाल्यांना तो वाटेत गोठवता येतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या संदेशात असलेला व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार बँकेची चूक नाही आणि तुमचीही नाही अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर तोशीस शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाजेपायी रात्र घालवू नका.

टॉवरखाली
१९०९ वर 'स्टार्ट ०' (इंग्रजी अक्षरांत) पाठवलं की जाहिराती बंद होतात, पण साध्या मोबाईलवरून फोन करणारे नियम पाळतच नाहीत. त्यांची तक्रार त्याच १९०९ वर करा. २०२५ पासून तक्रारीला फोन आल्यापासून तीनऐवजी सात दिवसांची मुदत आहे. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा. बँकांना सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका दिली आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षरही बघा: पी जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी.

कुरियरवाला *२१* आणि पुढे दहा आकडे डायल करायला सांगत असेल तर फोन ठेवा. त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, मग फोनवर बोलून दिला जाणारा व्हॉट्सअॅपचा कोडही. *#२१# ने तपासता येतं, ##००२# ने सगळं रद्द. लग्नपत्रिका किंवा दंडाचं चलन '.एपीके' (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) म्हणून आलं तर उघडू नका. उघडलंच तर लगेच विमान मोड, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

चौथा मजला
दाराची साखळी बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर असते, एका धक्क्यात निघते. चौकटीत निदान दोन इंच जाणारे लावा. दारातली दुर्बीण सुतार आपल्या उंचीला बसवतो, आजींना त्यातून फक्त छत दिसतं. दुसरी खाली बसवून घ्या, खर्च किरकोळ.

पासबुक
चौथा मजला, आजींच्या फोनशेजारी एक कागदही चिकटवा: 'व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही.' कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. खाली १९३० आणि घरातल्या दोघांचे नंबर, जाड अक्षरांत, चष्म्याविना वाचता येतील असे.