मदत हवी आहे : व्यवसायाच्या वीजबिलात अचानक आलेली ५ टक्के ‘फ्रँचायझी फी’

पोळीडबा :
आमच्या व्यावसायिक स्वयंपाकघराच्या वीज आणि गॅस या दोन्ही बिलांत अलीकडे ‘फ्रँचायझी फी’ या नावाने ५ टक्क्यांचा नवा आकार येऊ लागला आहे. कंपनीकडे चौकशी केली असता हे पैसे नगरपालिकेचे आहेत असे सांगण्यात आले, आणि नगरपालिकेत विचारले तेव्हा फी आम्ही कंपनीकडून घेतो, ग्राहकाकडून नाही, असे उत्तर मिळाले. डबे आणि समारंभांचे जेवण पुरवणाऱ्या लहान व्यवसायात मुळातच फारसे उरत नाही, त्यात आमच्या डब्यांचे दर वर्षभरासाठी ठरलेले आहेत. ही फी व्यवसायांना माफ होते का, आणि होत असल्यास अर्ज कोठे करायचा, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

शाखाविस्तार :
फ्रँचायझी घेण्यापूर्वी करार वकिलाकडून वाचून घ्यायला हवा होता. मूळ कंपनी सुरुवातीची फी, नंतर विक्रीवर रॉयल्टी आणि जाहिरातीचा वाटा असे तिन्ही बाजूंनी पैसे घेते. तुमची मूळ कंपनी कोणती आहे?

पोळीडबा :
आमची कोणतीही मूळ कंपनी नाही. व्यवसाय आमचा स्वतःचा आहे आणि प्रश्न वीजबिलाचा आहे.

नियमपोथी :
ही फी म्हणजे विजेचे खांब, तारा आणि गॅसच्या नळ्या शहराच्या रस्त्यांवरून व रस्त्यांखालून नेण्याच्या परवानगीचा मोबदला होय. कंपनी तो नगरपालिकेला देते आणि शहराच्या हद्दीतील ग्राहकांच्या बिलात जशाच्या तसा वळता करते. त्यामुळे तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, उपयोगाची मात्र नाहीत. परंतु तुम्ही देश, राज्य, शहर यांपैकी काहीच लिहिलेले नाही. ‘फ्रँचायझी फी’ या शब्दावरून अमेरिका असावी असे वाटते. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे.

टेक्सासकर :
इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. आपला वीजपुरवठादार बदलावा. आमच्याकडे २००२ पासून ग्राहकाला विक्रेता निवडता येतो, आणि मी दरवर्षी करार संपला की नवा, स्वस्त विक्रेता शोधतो. ज्या कंपनीच्या बिलात ही फी असेल ती सोडून द्यावी.

नियमपोथी :
टेक्सासकर, तुमच्या राज्यातही विक्रेता बदलून ही फी चुकत नाही. ती तारांची मालकी असलेल्या कंपनीकडून, शहरात पोचवलेल्या प्रत्येक युनिटच्या हिशेबाने घेतली जाते आणि वहन आकारात मिसळलेली असते; विक्रेता कोणताही असला तरी वहन आकार तोच राहतो. तुमच्या बिलात ती वेगळी दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

टेक्सासकर :
माझे एकूण बिल कमी झाले, हे मी अनुभवाने सांगत आहे. पुस्तकातले नियम ज्याला हवे त्याने वाचावेत.

पोळीडबा :
आम्ही आयोवात, डे मॉइनजवळच्या एका उपनगरात आहोत. फी शहराची आहे, तेव्हा राज्याचा यात काय संबंध ते कळत नाही.

नियमपोथी :
संबंध फार मोठा आहे, आणि नेमका डे मॉइनमुळेच आहे. त्या शहराने अशी फी लावली तेव्हा तेथील एका रहिवासी महिलेने दावा दाखल केला. २००६ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वीज व गॅस कंपन्यांच्या कामावर देखरेख करण्यासाठी शहराला जो रास्त खर्च येतो त्याच्याशी सुसंगत असेल तेवढीच फी वैध आहे. त्यावरची रक्कम हा कर ठरतो, आणि विधिमंडळाच्या संमतीवाचून शहर कर लावू शकत नाही. २००९ मध्ये विधिमंडळाने ती संमतीच देऊन टाकली : कंपनीला त्या शहरातील विक्रीतून मिळणाऱ्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी शहरांना घेता येईल. जुन्या जादा वसुलीचा निकाल मात्र २०१२ मध्ये शहराविरुद्ध कायम झाला आणि सुमारे ४ कोटी डॉलर परत करण्याची वेळ आली. ते परत करण्यासाठी शहराला काही वर्षे हीच फी ७.५ टक्क्यांपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली, म्हणजे ग्राहकांचा परतावा ग्राहकांच्याच बिलातून भरला गेला. तुमच्या शहराची ५ टक्के ही आज कायद्याने दिलेली कमाल मर्यादा आहे, त्यामुळे दरावर हरकत टिकणार नाही. शिवाय आयोवात किरकोळ ग्राहकाला विक्रेता निवडता येत नाही, म्हणून टेक्सासचा उपाय तेथे लागूच होत नाही.

पॉवरलूम :
आमच्या भिवंडीत २००७ पासून वीजवितरणाचे काम टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून आहे. त्यावर यंत्रमागधारकांची किती आंदोलने झाली हे येथील सर्वांना ठाऊक आहे. तुम्हीही संघटना बांधून निवेदन द्यावे.

नियमपोथी :
भिवंडीत महावितरणने वितरणाचे काम खासगी कंपनीला चालवायला दिले आहे. रस्ते वापरल्याबद्दल नगरपालिकेने घ्यायची ही फी नव्हे. नावाखेरीज दोहोंत साम्य नाही.

पॉवरलूम :
बिल शेवटी लहान धंदेवालाच भरतो, हे साम्य पुरेसे आहे.

सूर्यप्रकाश :
छतावर सौरपट्ट्या बसवल्या की हे सगळे प्रश्न मिटतात. घेतलेली वीज कमी झाली की टक्केवारीही कमी होते.

पोळीडबा :
जागा भाड्याची आहे, छत घरमालकाचे आहे आणि आमच्या शेगड्या गॅसवर चालतात.

फ्लोरिडावासी :
५ टक्क्यांसाठी एवढी तक्रार पाहून आश्चर्य वाटले. आमच्याकडे अनेक शहरांत विजेवरील फ्रँचायझी फी ६ टक्के आहे आणि नगरपालिकेचा सेवाकर १० टक्क्यांपर्यंत वेगळा लागू शकतो. आमचे दुकान तरीही चालू आहे.

मिनेसोटा_मराठी :
दुसऱ्याला जास्त लागते म्हणून पहिल्याचे योग्य ठरत नाही. खरा दोष टक्केवारीच्या पद्धतीत आहे. गॅस महागला की शहराचे उत्पन्न आपोआप वाढते. रस्त्याखालची नळी मात्र तेवढीच जागा व्यापते. आमच्या राज्यात बऱ्याच शहरांनी दर मीटरमागे, ग्राहकवर्गानुसार ठरलेली मासिक रक्कम ठेवली आहे. थंडीच्या महिन्यांत व्यवसायाला त्याचा आधार वाटतो.

फ्लोरिडावासी :
त्या पद्धतीत एकाच वर्गातले लहान केशकर्तनालय आणि दिवसभर भट्टी चालवणारे उपाहारगृह सारखीच रक्कम भरणार. तो न्याय कोणता?

लेखापाल :
मूळ प्रश्नाकडे येतो. व्यवसाय आहे म्हणून माफी, अशी सरसकट तरतूद नाही. सवलत असलीच तर ती तुमच्या शहराने केलेल्या उपविधीत लिहिलेली असेल. नगरपालिकेकडून त्याची प्रत मागून घ्यावी आणि कोणत्या ग्राहकांना वगळले आहे तो भाग वाचावा. बिलातील दुसरी गोष्ट तुम्ही अजून तपासलेली दिसत नाही. आयोवात ज्या शहरात वीज व गॅसवर फ्रँचायझी फी लागू होते, तेथे त्यांवर स्थानिक विक्रीकर घेता येत नाही. तुमच्याकडे तो १ टक्का आधी लागत असेल तर आता गळला पाहिजे. समजा दोन्ही मिळून बिल ३,३०० डॉलर आहे : फी १६५ डॉलर, गळलेला कर ३३ डॉलर, म्हणजे खरी वाढ १३२ डॉलरची. डब्याचा दर या आकड्यावर ठरवावा, १६५ वर नव्हे. मीटर कोणाच्या नावावर आहेत, आणि ते सगळे शहराच्या हद्दीतच आहेत का?

पोळीडबा :
स्वयंपाकघराचे दोन्ही मीटर आमच्या नावावर आहेत. शीतगृहाचा मीटर वेगळा असून ते शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर आहे. टपालाच्या पत्त्यात शहराचेच नाव येते आणि त्याही बिलात ही फी आहे.

लेखापाल :
हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. टपालाचा पत्ता हा हद्दीचा पुरावा नव्हे. कित्येक ठिकाणी शहराचे नाव हद्दीबाहेर बरेच दूरपर्यंत वापरले जाते. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालमत्ता नोंदीत त्या जागेचा तपशील उघडून करक्षेत्र पाहावे. तेथे शहराचे नाव नसेल, तर त्या नोंदीची प्रत जोडून कंपनीला लेखी कळवावे आणि फी लागू झाल्यापासूनची रक्कम परत मागावी. हद्दीबाहेर स्थानिक विक्रीकराचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून सुधारित बिल ओळ न ओळ वाचावे.

टेक्सासकर :
आमच्याकडे असे झाले असते तर मी विक्रेताच बदलला असता.

पोळीडबा :
काउंटीच्या नोंदीत शीतगृहाची जागा शहराच्या हद्दीबाहेर दाखवली आहे. कंपनीला पत्र पाठवले आहे. स्वयंपाकघराच्या बिलात १ टक्का खरोखरच गळलेला दिसतो. आता एकच विचारायचे आहे : घरमालक सामाईक दिव्यांच्या बिलातील फीचा वाटाही आमच्याकडे मागत आहे. तो देणे बंधनकारक आहे का?

लेखापाल :
भाडेकरारातील सामाईक खर्चाचे कलम येथे जसेच्या तसे लिहावे, म्हणजे सांगता येईल.