मदत हवी आहे : वर्गात ‘स्थिर’ ब्लॉक घातला, पण आतून वर्गाचंच नाव सापडत नाही

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. शाळेतल्या पोरांसाठी देवनागरी शब्दांची एक छोटी भाषा बनवतोय. इंजिन सी भाषेत आहे : लेक्सर (मजकुराचे टोकन म्हणजे सुटे शब्द-चिन्हं पाडणारा), पार्सर (त्यांची रचना ओळखणारा), बाइटकोड (त्यातून निघणाऱ्या सूचना) आणि त्या स्टॅकवर चालवणारं व्हीएम. शब्द मराठी, पण वर्गांचे नियम जावास्क्रिप्टचेच ठेवलेत. आता जावास्क्रिप्टच्या ईएस २०२२ आवृत्तीतल्या स्टॅटिक ब्लॉकसारखा, वर्ग तयार होताना एकदाच चालणारा ब्लॉक घालायचा आहे.

```
वर्ग केळी {
  स्थिर दर = {};
  स्थिर {
    फिर (ता पैकी ["रावेर", "यावल", "चोपडा"])
      केळी.दर[ता] = ०;
  }
  स्थिर तालुके = यादी(हा.दर);
}
```

अडचणी तीन :

१. ‘केळी.दर[ता]’ या ओळीवर एरर येतो, “‘केळी’ सुरू होण्याआधी वापरलं”. स्थिर मेथडमध्ये हेच नाव बिनधास्त चालतं.
२. तिथे ‘केळी’ऐवजी ‘हा’ (जावास्क्रिप्टमधलं this) लिहिलं की एरर जातो, पण ‘तालुके’ रिकामी येते.
३. आधी चालणारा एक वर्ग मोडला. त्यात मेथडचं नावच ‘स्थिर’ होतं. आता पार्सर म्हणतो, “‘{’ हवा होता, ‘(’ मिळाला”.

सातपुडा (यावल)

तिसऱ्यापासून घेतो, ते सोपं आहे. ‘स्थिर’ला लेक्सरमध्ये राखीव शब्द करू नका. पार्सरने तो वाचल्यावर पुढचं एक टोकन बघावं. ‘(’ असेल तर त्या नावाची मेथड. ‘=’, ‘;’ किंवा ‘}’ असेल तर त्या नावाचं फील्ड. ‘{’ असेल तर ब्लॉक. बाकी काहीही आलं तर पुढच्या सदस्याचं विशेषण. मध्ये नवी ओळ आली तरी ‘{’ म्हणजे ब्लॉकच, जावास्क्रिप्टमध्येही तसंच आहे.

दुसऱ्याचं कारण बहुतेक असं, की फील्डांची एक यादी आणि ब्लॉकची दुसरी यादी केली आहे, आणि आधी पहिली पूर्ण चालते. दोन्ही एकाच यादीत ठेवा, प्रत्येक घटकावर प्रकाराची खूण करा, आणि लिहिलेल्या क्रमाने वरून खाली चालवा. इथे क्रम हाच अर्थ आहे. तो हलला की वैशिष्ट्याचा उपयोगच संपला.

आता पहिलं, मुख्य. वर्गाच्या नावाच्या दोन बांधण्या असतात. एक बाहेरच्या स्कोपमध्ये (नाव जिथे दिसतं तो कोडचा भाग), एक वर्गाच्या आतल्या स्कोपमध्ये. तुमच्याकडे एकच दिसते, आणि ती सगळं आटोपल्यावर भरली जाते. मेथड तोवर चालत नाही, म्हणून तिथे ही चूक झाकली गेली. बाइटकोड या क्रमाने काढा :

आतला स्कोप उघडा, नाव ‘न भरलेलं’ ठेवा. पालक वर्ग काढा. कन्स्ट्रक्टर आणि प्रोटोटाइप तयार करा. मेथड जोडा, आणि चौकटी कंसातली (चालताना काढायची) सदस्यांची सगळी नावं, फील्डांचीसुद्धा, इथेच काढून ठेवा. मग आतलं नाव भरा. त्यानंतर स्थिर फील्ड आणि ब्लॉक. स्कोप बंद. शेवटी बाहेरचं नाव भरा.

चौकटी कंसात वर्गाचं नाव वापरलं तर एरर आलाच पाहिजे, तो दाबू नका. आणि ब्लॉकमधून अपवाद फेकला गेला तर बाहेरचं नाव कायम न भरलेलं राहतं, तेही बरोबरच आहे.

तापीकाठ (जळगाव)

तिन्ही सुटले, मनापासून आभार! पण ब्लॉकमध्ये ‘परत;’ (return) लिहिलं तर बाहेरचं फंक्शनच संपतं. आणि एका वर्गात चाळीसेक ब्लॉक टाकून पाहिले तर व्हीएम कधी कधी कोसळतं, दर वेळी नाही.

कपाशी (धुळे)

‘परत’ पार्स करतानाच नाकारायचं. ब्लॉक फंक्शनसारखा चालतो, पण त्यातून परतता येत नाही. बाहेरच्या लूपचं ‘थांब’ किंवा ‘पुढे’सुद्धा आतून चालता कामा नये. जावास्क्रिप्टमध्ये अवेट (await) आणि आर्ग्युमेंट्स (arguments) यांनाही इथे मनाई आहे. आत साधं फंक्शन लिहिलं तर त्याला स्वतःचं आर्ग्युमेंट्स मिळतं, बाणाच्या फंक्शनला मात्र नाही. पार्सरचे झेंडे (काय चालतं, काय नाही याच्या खुणा) ब्लॉकमध्ये शिरताना जपून ठेवा आणि बाहेर पडताना परत लावा. आतलं फंक्शन संपल्यावर ते परत लावायला विसरलं, की त्यापुढचं ‘परत’ गुपचूप पास होतं.

कोसळण्याची दोन ठिकाणं तपासा. एक : प्रत्येक ब्लॉकच्या कॉलनंतर आलेली किंमत पॉप करता का? नाही केली तर दर ब्लॉकमागे स्टॅकवर एक खण उरतो. स्कोप बंद करताना स्टॅकची उंची उघडतानाइतकीच आहे का, अशी असर्ट (चालताना होणारी तपासणी) टाका. दोन : ‘कधी कधी’ म्हणताय त्यावरून संशय कचरा गोळा करणाऱ्यावर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर) आहे. ब्लॉक चालताना कन्स्ट्रक्टर फक्त सीच्या स्थानिक चलात असेल, तर गोळा करणाऱ्याला तो दिसत नाही आणि तो उचलला जातो. त्याला व्हीएमच्या स्टॅकवर ठेवा. तपासायला दर मेमरी वाटपाला गोळा करणारा चालवा, चूक पहिल्याच ब्लॉकला हाती लागेल.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. ‘पालक.काहीतरी’ (super) ब्लॉकमध्ये चालायला हवं, ‘पालक()’ नाही. त्यासाठी ब्लॉकचं होम ऑब्जेक्ट (‘पालक’चा शोध जिथून सुरू होतो ते) स्वतः कन्स्ट्रक्टर असलं पाहिजे. साध्या मेथडचा कोड उचलून डकवला असेल तर तिथे प्रोटोटाइप बसलेलं असतं, आणि ‘पालक’ चुकीच्या ठिकाणी शोधतो.

सातपुडा (यावल)

चाचण्या नव्याने लिहीत बसू नका. टेस्ट२६२ मध्ये (जावास्क्रिप्टचा अधिकृत चाचणीसंच) स्टॅटिक ब्लॉकच्या चाचण्या वेगळ्या खुणेखाली आहेत, त्या तुमच्या शब्दांत बदलून घ्या. शंका आली तर तोच कोड जावास्क्रिप्टमध्ये क्रोम ९४ किंवा फायरफॉक्स ९३ च्या पुढच्या आवृत्तीत चालवून पाहा.

तापीकाठ (जळगाव)

दोन्ही निघालं. पॉप राहिला होता, आणि कन्स्ट्रक्टर खरंच स्थानिक चलात होता. दर वाटपाला गोळा करणारा लावला तर पहिल्याच ब्लॉकला कोसळलं. कन्स्ट्रक्टर स्टॅकवर ठेवल्यावर चाळीसच्या चाळीस ब्लॉक पार. होम ऑब्जेक्टही प्रोटोटाइपच निघालं, तेवढं आता बदलतोय.